एकेचाळीस हजार ओळी

मोजणीबाईंनी त्या आठवड्यात पडद्यावरच्या एका छोट्या चौकोनात टिक केली असती, तर कोणाचा जीव गेला नसता. नोकरीही बहुधा गेली नसती. पण एका माणसाचं मान वर करून ऑफिसात शिरणं कायमचं संपलं असतं, आणि ते कोणामुळे संपलं हे त्याला कधी कळलंही नसतं. गंमत अशी की ती टिक करा म्हणून बाईंच्या मागे लकडा लावणारा माणूस तोच होता.

आधी बाईंविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर त्यांनी एवढा हट्ट का धरला ते कळायचं नाही. मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या एका सरकारी दवाखान्यात त्या आकडेवारीचं काम करतात. वय चौपन्न, नोकरी एकतीस वर्षं, खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. खिडकी एकच, तीही गाड्या लावतात त्या बाजूला. भिंतीशी लोखंडी कपाट, त्यावर जुन्या कार्डांचे खोके. बाई नोकरीला लागल्या त्या अक्षरावर. मुलाखतीत त्यांना एक कार्ड लिहायला दिलं आणि तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, "ह्यांचं अक्षर मला चष्म्याशिवाय वाचता येतंय, ह्यांना घ्या." पुढे कार्डांचं रजिस्टर झालं, रजिस्टरचा कॉम्प्युटर झाला, आणि ज्या अक्षरावर नोकरी लागली ते आता फक्त रजेच्या अर्जावर दिसतं.

मोजणीबाई हे नाव दवाखान्यानेच ठेवलं. किती आले, किती पुन्हा आले, किती यायचे थांबले, हे दर महिन्याला त्याच सांगतात. सवय इतकी अंगात मुरली आहे की जिना चढतानाही ओठ हलतात. त्यांच्या नवऱ्याने उभं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं. तो म्हणतो, "ही लिफ्टमध्येसुद्धा मजले मोजते, जसा काही एखादा चोरीला जाणार आहे."

बाई मोजतात सगळं, पण त्या आकड्यांत कोण कोण आहे ते कोणाला सांगत नाहीत. त्यांची नणंद दर रविवारी येते. स्वभावाने वाईट नाही बिचारी, पण तिच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे ते सतत भरत ठेवावं लागतं. "वहिनी, त्या चपलांच्या दुकानवाल्यांची सून तुमच्याकडे येते म्हणे?" असं ती चहाच्या कपात बघत, अगदी सहज विचारते.

"आमच्याकडे गेल्या महिन्यात नऊशे चौदा माणसं आली," बाई म्हणतात.

"अहो, पण त्यात ती होती का?"

"नऊशे चौदा," बाई पुन्हा म्हणतात आणि बिस्किटांची ताटली पुढे सरकवतात.

नणंदेने हात टेकले आहेत, पण प्रयत्न सोडलेले नाहीत.

तर त्या सोमवारची गोष्ट. दवाखान्याच्या फाटकापर्यंत एक बस येते. परिवहन कार्यालय ती बंद करायला निघालं होतं. त्यांचं म्हणणं, फाटकाशी जे लोक उतरतात ते दवाखान्यात जातात की पलीकडच्या बागेत फिरायला, कोणास ठाऊक. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मोजणीबाईंना बोलावलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "शुक्रवारी बैठक आहे. आपले किती पेशंट त्या बसने येतात, एवढं मला कागदावर हवं. आकडा नसेल तर बस जाईल, आणि बस गेली की निम्मे लोक यायचे थांबतील. तुम्हाला माहीत आहेच."

बाईंना माहीत होतं. थांबलेल्यांचा आकडा त्याच काढतात.

काम तसं सोपं वाटत होतं. दवाखान्यात नाव नोंदवताना ओळखीचा कागद मागतात. पुष्कळ लोक त्या वेळी बसचा पास दाखवतात, आणि खिडकीवरची बाई त्याचा क्रमांक उतरवून घेते. असे तीनशे बारा जण बाईंच्या रजिस्टरमध्ये होते. कुठला पास कोणत्या दिवशी कुठे वापरला गेला, ह्याची नोंद परिवहन कार्यालयाच्या सर्व्हरवर असते. इकडचे क्रमांक आणि तिकडच्या नोंदी रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवल्या की आकडा समोर. परिवहनच्या पास विभागातल्या कारकुनाने बाईंना सर्व्हरवर जायची परवानगीही मिळवून दिली होती.

हा कारकून म्हणजे पासवाले भाऊ. बाई आणि तो सहा वर्षं फोनवर बोलत होते, दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. मोठा बोलका माणूस. फोन उचलला की "बोला ताई, आज काय मोजलंत?" असं विचारणार, मग आपल्या साहेबांच्या दोन नकला करणार, मग कामाचं बोलणार. बाईंच्या खोलीत दिवसभरात कोणी हसतच नाही, त्यामुळे त्या ह्या फोनची वाट बघत, पण हे त्यांनी स्वतःशीही कधी कबूल केलं नव्हतं.

बाईंनी जुळणी केली, बटण दाबलं, आणि आकड्याऐवजी पिवळी पट्टी आली. ही विचारणा दुसऱ्या विचारणेचा आधार घेते, म्हणून तिला मूळ माहितीला थेट हात लावता येणार नाही, जुळणी पुन्हा बांधा, अशा अर्थाचं काहीतरी त्यात होतं. लिहिणाऱ्याला तरी ते समजलं होतं की नाही, शंका आहे. बाईंनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. मग पडद्याने विचारलं, ही दोन ठिकाणची माहिती कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा: खासगी, कार्यालयीन की सार्वजनिक. खाली एक चौकोन होता, 'गोपनीयतेकडे दुर्लक्ष करा' असं सांगणारा.

बाईंनी फोन लावला.

"हात्तिच्या, एवढंच?" पासवाले भाऊ म्हणाला. "ताई, त्या चौकोनात टिक करा आणि मोकळ्या व्हा. आमच्याकडे सगळे तेच करतात. नाहीतर दोन्हीकडे सार्वजनिक लिहून टाका. ते सॉफ्टवेअर उगाच भाव खातं."

"दवाखान्याचं रजिस्टर सार्वजनिक कसं लिहू, भाऊ?"

"अहो, लिहिल्याने ते चौकात थोडंच लागणार आहे! नुसती समजूत घालायची त्याची. माहिती तर आमच्याकडून तुमच्याकडे येणार. तुमच्याकडून आमच्याकडे काय जातंय?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि विचारायचं ते एकदाच नीट विचारा हं. बाहेरून आलेली प्रत्येक विचारणा आमच्याकडे शब्दन्‌शब्द नोंदली जाते. दर सोमवारी मी ती छापून साहेबांपुढे ठेवतो, आणि साहेब पेन्सिल घेऊन ओळ न ओळ वाचतात. कोणी काय विचारलं ह्यात त्यांना जो रस, तो कामात असता तर बसेस वेळेवर धावल्या असत्या."

बाई हसल्या. फोन ठेवला, आणि चौकोनावर बाण नेऊन थांबल्या. टिक करायला काहीच हरकत नव्हती. पण बाईंची एक खोड आहे, कोणी एखाद्या गोष्टीकडे दुर्लक्ष करा म्हटलं की त्यांना आधी ती गोष्ट काय आहे ते बघावंसं वाटतं. त्यांनी वायरमास्तरांना निरोप धाडला.

वायरमास्तर म्हणजे दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणारे गृहस्थ. बाईंच्याच वर्षी नोकरीला लागलेले, तेव्हा ते दिव्यांच्या वायरी ओढायचे. चष्मा कपाळावर, पेन कानावर, आणि तोंडाने सतत "बघू, बघू". मंगळवारी सकाळी ते आले, पिवळी पट्टी वाचली आणि खुर्ची ओढून बसले.

"ह्याचा त्रास काय आहे माहितीये का? ह्याला भीती वाटते की तुमच्या रजिस्टरमधलं काहीतरी तिकडे जाईल."

"पण मी तर फक्त तिकडून मागतेय."

"बघू. खरंच जातं का ते बघू."

त्यांनी खालून एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यावर परिवहनच्या सर्व्हरसारखाच एक सर्व्हर मांडला आणि त्यात पासांचं एक टेबल बनवलं. टेबल पूर्ण रिकामं. एक ओळ नाही त्यात. बाईंच्या सॉफ्टवेअरला सांगितलं की आता हेच परिवहन समज. मग त्यांनी चौकोनात टिक केली आणि बटण दाबलं.

पिवळी पट्टी गेली. उत्तर आलं, शून्य. रिकाम्या टेबलातून दुसरं काय येणार?

"आता इकडे या," वायरमास्तर म्हणाले. त्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर आलेल्या विचारणांची नोंद उघडली. तिथे एकच ओळ होती, पण ती संपेचना. ज्यांचे क्रमांक पुढीलप्रमाणे आहेत त्यांच्या नोंदी दाखव, आणि पुढे क्रमांक, स्वल्पविराम, क्रमांक, स्वल्पविराम. वायरमास्तर खाली खाली सरकवत राहिले. बाईंचे ओठ हलत होते. तीनशे बारा.

जुन्या कॉम्प्युटरकडे द्यायला काही नव्हतं, तरी त्याला सगळं मिळालं होतं. सॉफ्टवेअर आपल्या परीने शहाणपणच करत होतं. तिकडच्या हजारो नोंदी ओढून आणण्यापेक्षा, मला एवढ्याच लोकांच्या दे, असं सांगणं सोयीचं. फक्त ते सांगताना कोणाच्या, हेही सांगावं लागत होतं.

"नावं नाहीत गेली," वायरमास्तर म्हणाले, "पण पासाचा क्रमांक म्हणजे तिकडे नावच की. बरं, हा एक वेगळा दिसतोय. सगळ्यांचे नुसते आकडे आणि ह्याच्या आधी 'क' कसा? टायपिंगची चूक असेल, बघून घ्या." त्यांनी जुन्या कॉम्प्युटरवरची नोंद पुसली, तो काखेत मारला आणि ते खाली गेले.

चूक असेल तर दुरुस्त करणं बाईंचं कामच होतं. त्यांनी त्या क्रमांकाचं कार्ड पडद्यावर उघडलं.

चूक नव्हती. तो कर्मचाऱ्यांना मिळणारा पास होता. व्यवसाय: परिवहन कार्यालय, पास विभाग, कारकून. अकरा महिन्यांपासून उपचार. दर तिसऱ्या मंगळवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे ऑफिस उघडायच्या आत. अडचणीच्या वेळी कोणाला कळवावं, ह्या रकान्यात खिडकीवरच्या बाईने लिहिलं होतं, 'कोणाला नाही. घरी सांगितलेलं नाही.'

नावही होतं अर्थातच. सहा वर्षं रोज नाही तरी आठवड्यातून एकदा बाई ते नाव ऐकत होत्या.

त्यांनी कार्ड बंद केलं. मग उठून खिडकी उघडली, मग बंद केली. आज मंगळवारच होता. कदाचित आज सकाळीच तो ह्याच इमारतीत, खालच्या बाकावर, टोपी पुढे ओढून बसला असेल, आणि आपण पायऱ्या मोजत त्याच्यासमोरून वर आलो असू. आज काय मोजलंत, ताई? बाईंना एकदम रडू आलं. का ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. नकला करणारा माणूस घरी गेल्यावर कसा बसत असेल, हे इतक्या वर्षांत एकदाही आपल्या मनात आलं नाही, ह्याचं असेल.

पुढचं चित्र तर त्यांना स्वच्छ दिसत होतं. पास विभागात कर्मचारी असून असून किती, सहा. त्यांचे पास पेन्सिलवाले साहेब स्वतः सहीने देतात. सोमवारी पासवाले भाऊ स्वतःच्या हाताने ती विचारणा छापणार. मनाच्या दवाखान्याकडून आलेली, तीनशे बारा क्रमांकांची. साहेब पेन्सिल घेऊन बसणार. 'क' दिसला की पेन्सिल थांबणार. साहेब काही बोलणारही नाहीत कदाचित. पण दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी सगळे जरा हळू आवाजात, जरा जास्तच गोड बोलायला लागतील.

नुसतं विचारल्याने काय होतं, हे बाईंइतकं कोणाला माहीत नसेल. चोवीस वर्षांपूर्वी, कार्डांच्या काळात, जे पेशंट यायचे थांबत त्यांना फोन करायचं काम बाईंकडे होतं. एका शिक्षिकेचं कार्ड दोन महिने कोरं होतं. घरी फोन नव्हता, शाळेचा होता. बाईंनी शाळेत फोन केला आणि त्या आज आल्यात का, एवढंच विचारलं. पलीकडून कोणीतरी म्हणालं, कोण बोलतंय? बाईंनी दवाखान्याचं नाव सांगितलं. खोटं कशाला बोलायचं, हा तेव्हाचा विचार. पुढच्या आठवड्यात ती शिक्षिका स्वतः आली, टेबलावर आपलं कार्ड ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही काही सांगितलं नाहीत, मला माहितीये. तुम्ही फक्त विचारलंत." ती पुन्हा आली नाही. ती शाळा सोडून गेली असं नंतर कळलं. बाईंना त्याबद्दल कोणी बोल लावला नाही, आणि त्यांनी स्वतःला लावायचं अजून थांबवलेलं नाही.

दुपारपर्यंत बाईंनी ठरवून टाकलं. तीनशे बारा जणांचं विचारायचं नाही. सगळ्यांचं मागायचं. परिवहनच्या सर्वच्या सर्व पासांची यादी घ्यायची, नावं नकोत, नुसते क्रमांक आणि फाटकाशी उतरल्याच्या तारखा. मग सॉफ्टवेअरमध्ये एका विचारणेने फक्त आपलं रजिस्टर आणायचं, दुसरीने फक्त ती यादी, आणि तिसरीने बाहेर कुठेही न जाता त्या दोघींची घरातल्या घरात गाठ घालून द्यायची. पिवळ्या पट्टीत जुळणी पुन्हा बांधा म्हटलं होतं ते हेच असणार. पंचाईत एकच होती. परिवहनचा सर्व्हर बाहेरच्यांना एका वेळी पाचशेच्या वर ओळी देत नसे. पूर्ण यादी हवी तर ती आतून कोणीतरी बसून काढायला हवी होती. म्हणजे कोणी, हे सांगायला नको.

"एकेचाळीस हजार ओळी?" पासवाले भाऊ फोनवर ओरडलाच. "ताई, तुम्हाला तीनशे माणसांशी मतलब, आणि मी अख्ख्या शहराची यादी काढू? महिन्या-महिन्याचे बारा तुकडे करून काढावी लागेल. वर साहेबांची सही. कशासाठी? एका टिकेसाठी?"

बाईंच्या जिभेवर खरं कारण आलं होतं. पण ते उच्चारलं की तो लगेच विचार करणार, ह्या मला का सांगतायत? विचार करता करता त्याला खिडकीवर दाखवलेला पास आठवणार. त्यांनी गिळून टाकलं.

"डॉक्टरीणबाईंना तसंच हवंय," त्या म्हणाल्या.

"डॉक्टरीणबाईंना कशाला पुढे करता? त्यांना टिक म्हणजे काय तेही माहीत नसेल. सरळ सांगा ना, आमच्यावर विश्वास नाही म्हणून. सहा वर्षांत मी तुमचं एक काम अडवलं नाही, ताई." तो पहिल्यांदाच नक्कल न करता बोलत होता. "पत्र पाठवा. पत्राशिवाय होणार नाही." आणि फोन ठेवला.

बाईंना ते लागलं. खूप लागलं. ज्याच्यासाठी करतोय त्याच्याच तोंडून हे ऐकायचं, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. पण करतात काय? त्या बावीस पायऱ्या उतरून डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

डॉक्टरीणबाईंनाही घाई होती. "बाई, तीन दिवस राहिलेत. सगळीकडे टिक करतात म्हणतायत ना? मग करा. जोखीम माझी."

एकतीस वर्षांत बाईंनी वरिष्ठांना नाही म्हटलेलं नव्हतं. आज त्या म्हणाल्या, "नाही. जोखीम तुमचीही नाही आणि माझीही नाही. ज्यांची आहे ते खाली बाकावर बसलेत." मग त्यांनी रिकाम्या टेबलाची हकिगत सांगितली. 'क' असलेल्या क्रमांकाबद्दल चकार शब्द काढला नाही.

डॉक्टरीणबाईंनी हातातली फाईल खाली ठेवली. "रिकाम्याला कळलं?" त्यांनी विचारलं.

"तीनशे बाराही."

"पत्र टाईप करा. मी सही करते."

पत्रात कारण द्यावंच लागलं, त्याशिवाय पेन्सिलवाल्या साहेबांनी यादी सोडली नसती. थेट विचारणा केल्यास आमच्या रुग्णांचे पास क्रमांक आपल्या नोंदीत उतरतील, सबब संपूर्ण यादी मिळावी, असं एक वाक्य बाईंनी टाईप केलं. ते वाक्य त्यांनी तीनदा पुसलं आणि तीनदा पुन्हा लिहिलं. पत्र साहेबांच्या नावाने असलं तरी टपाल उघडून आत नेणारा कोण, हे त्यांना माहीत होतं. बुधवारी सकाळी पत्र गेलं.

बुधवारी दुपारी फोन आला नाही. एरवी चिडला असता तरी त्याने फोन करून चार शब्द सुनावले असते. बाईंनी डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला. घरी नवऱ्याने विचारलं, "आज काय मोजलं नाहीस वाटतं?" त्या म्हणाल्या, "मोजायला काही आलंच नाही." तो पुढे काही बोलला नाही. ह्या माणसाचं बरं आहे, कुठे थांबायचं ते त्याला समजतं, लिफ्टच्या धंद्यात राहिल्यामुळे असेल.

गुरुवारी दुपारी तीन वाजता यादी आली. बारा तुकड्यांत नाही, एकच सलग फाईल, तारखा नीट लावलेल्या, दुबार ओळी काढून टाकलेल्या. कोणी सांगितलं नसताना इतकं निगुतीने केलेलं काम बाईंनी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. सोबत एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती. एकेचाळीस हजार दोनशे सहा ओळी.

बाईंनी तीन विचारणा वेगवेगळ्या बांधल्या. दोन्ही ठिकाणी खासगी असं लिहिलं. चौकोन कोराच ठेवला. बटण दाबलं. पिवळी पट्टी आली नाही. दोनशे सत्तेचाळीस. तीनशे बारांपैकी दोनशे सत्तेचाळीस माणसं त्या बसने येत होती, बागेत फिरायला नव्हे. शुक्रवारच्या बैठकीत डॉक्टरीणबाईंनी तो आकडा मांडला आणि अर्ध्या तासात परत आल्या. बस राहिली. त्या बाईंच्या खोलीत डोकावून म्हणाल्या, "राहिली हं," आणि गेल्या. सरकारी दवाखान्यात शाबासकी ह्याहून लांब नसते.

त्यानंतर पाच वाजायला थोडा वेळ असताना फोन वाजला.

"बोला भाऊ," बाई म्हणाल्या.

"आज काय मोजलंत" हे आलं नाही. पलीकडे आधी नुसतं घसा खाकरणं ऐकू आलं. "यादी नीट मिळाली ना?"

"इतकी नीट यादी मला कधीच मिळाली नव्हती."

"त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो."

"तुम्ही बोललात ते बरोबरच होतं. मी कारण सांगितलं नव्हतं."

"पत्रात वाचलं मी." मागे कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं, ऑफिस सुटत होतं. तो फोनच्या अगदी जवळ येऊन, हळू बोलला. "ताई, एक विचारू? तिकडे तुमच्या पडद्यावर ते... म्हणजे लोकांचं... तुम्हाला दिसतं का? कोण कोण ते?"

बाईंनी डोळे मिटले. आपण काय विचारून बसलो हे त्याला समजलं असेल का, ह्याचा विचार करायला वेळ नव्हता. उशीर झाला तर उशीर हेच उत्तर झालं असतं. आयुष्यभर खरे आकडे दिलेल्या बाई अजिबात न अडखळता म्हणाल्या, "छे हो भाऊ. मला नुसते आकडे दिसतात. तीनशे बारा. त्यापलीकडे काही नाही."

"हां," तो म्हणाला. एक लांब श्वास ऐकू आला. "हां. बरं आहे मग."

दोघंही फोन ठेवेनात. बाईंना वाटलं, आता तो साहेबांची नक्कल करील, आणि आपण हसू, आणि सगळं पहिल्यासारखं होईल. त्याने नक्कल केली नाही.

"ताई, पुढच्या वर्षी पण लागेल ना हे?"

"लागेल."

"मग पुढच्या वेळेलाही सगळीच यादी मागा," तो म्हणाला. "कितीही हजार असू देत. मी बसून काढून देईन."